वावरात चालतील असे चार फोन: बॅटरी मोजून घेतल्याच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला खरिपाआधी चार फोन घ्यायचे आहेत. आम्ही राळेगाव तालुक्यातले, यवतमाळ जिल्हा. कामं अशी: धुऱ्यावरून चालत वावराचं क्षेत्र जीपीएसवर मोजणं, पिकाचे फोटो काढणं, सभासदांची कागदपत्रं स्कॅन करणं, आणि दिवसभर फोनवर बोलणं. एका फोनला जास्तीत जास्त १४,००० रुपये, हे संचालक मंडळाने ठरवून दिलं आहे. जुने फोन आता दुपारीच मान टाकतात. मागच्या हंगामात एका ताईंना मोजणी अर्धी सोडून परत यावं लागलं आणि त्या वावराचा अख्खा फेरा दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा लागला.

म्हणून यंदा आधी मोजायचं, मग घ्यायचं. प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायचे. एका चार्जिंगवर फोन किती तास चालतो, हा एक. ती बॅटरी तशीच किती वर्षं टिकते, हा दुसरा. दुकानात विचारलं की दोन्हीला एकच उत्तर मिळतं, आणि ते म्हणजे डब्ब्यावरचा आकडा.

१४ एप्रिल

तीन मॉडेलं निवडली. नावं लिहीत नाही, कारण सहा महिन्यांत ती दुकानात दिसणारही नाहीत.

क: ५,००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), एलसीडी स्क्रीन, १८ वॉटचा चार्जर, साडेअकरा हजार.
ख: ६,००० एमएएच, एलसीडी स्क्रीन, ४५ वॉट, साडेतेरा हजार.
ग: ५,००० एमएएच, अमोलेड स्क्रीन, २५ वॉट, बारा हजार नऊशे. डब्ब्यात चार्जर नाही, तो वेगळा ११०० रुपयांचा. हा खर्च किमतीत धरायचा, म्हणजे ग बरोबर १४,००० वर येतो.

तीनही फोन गावात किंवा शेजारच्या गावात कोणी ना कोणी नुकतेच घेतलेले आहेत. मागून आणले. बदल्यात आमचे जुने फोन त्यांना वापरायला दिले.

अध्यक्ष काकाजींनी विचारलं, "डब्ब्यावर तं पाच हजार, सहा हजार लिहेलच हाये. मंग तू मोजून कायले रायला?" त्यांना डब्ब्याची मागची बाजू दाखवली. समोर मोठ्या अक्षरात असते ती 'टिपिकल' क्षमता, मागे बारीक अक्षरात 'रेटेड', आणि ती शे-दोनशेने कमी. दुसरं म्हणजे एमएएचवरून तुलना अर्धीच होते. एमएएच भागिले हजार, गुणिले बॅटरीचा व्होल्ट (३.८५-३.८७ च्या आसपास), म्हणजे वॉट-तास. क आणि ग १९.३५ वॉट-तास, ख २३.२. पुढच्या सगळ्या नोंदींत मी वॉट-तासच धरणार आहे.

१६ एप्रिल

यूएसबी मीटर आला, ६५० रुपये. चार्जर आणि केबलच्या मध्ये बसवायचा. व्होल्ट, ॲम्पिअर आणि किती वीज आत गेली ते दाखवतो.

पद्धत: फोन शून्यावर येऊन आपोआप बंद होऊ द्यायचा. बंद ठेवूनच चार्जला लावायचा. प्रवाह ०.०५ ॲम्पिअरच्या खाली गेला की आकडा लिहायचा. फोन चालू ठेवून चार्ज केला तर स्क्रीनने खाल्लेली वीजही बॅटरीच्या नावावर जाते आणि आकडा फुगतो.

क: २२.१ वॉट-तास. ख: २६.३. ग: २१.८.

डब्ब्याच्या हिशेबापेक्षा हे जास्त आहे, कारण चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज उष्णता होऊन जाते. तिघांचंही प्रमाण जवळपास सारखं आलं. म्हणजे डब्ब्यावरचे आकडे खरे आहेत, फसवणूक नाही.

आमच्या ऑफिसातला हिशेब पाहणारा भाऊ मात्र मीटरवरचं एमएएच पाहून चमकला. क ला ४,४०० दाखवत होता. "सहाशे मारले ना कंपनीनं!" तसं नाही. मीटर एमएएच मोजतो ५ व्होल्टवर, बॅटरीचा आकडा ३.८७ व्होल्टवरचा. चार्जर ९ व्होल्टवर गेला तर तोच मीटर अडीच हजार दाखवेल. या कामात मीटरवरच्या एमएएचकडे बघायचंच नाही.

आणखी एक. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग मीटर मध्ये असला की सुरूच होत नाही, फोन साध्या वेगाने चार्ज होतो. ख चं तेच झालं, रात्र गेली. क्षमता मोजायला त्याने फरक पडत नाही, पण चार्जिंगचा वेग मोजायचा असेल तर मीटर काढून घड्याळ लावायचं.

१७ एप्रिल

घरी वाय-फायवर, स्क्रीन निम्म्या उजेडावर, सलग पाच तास व्हिडिओ. क ३० टक्के उतरला, ख २४, ग २५.

ही चाचणी आमच्या कामाची नाही. दुकानदार आणि व्हिडिओवाले हीच करतात, कारण ती खुर्चीत बसून होते. हिच्यावर निवडलं असतं तर तीनही फोन चालले असते आणि पहिल्याच आठवड्यात वावरात अडकलो असतो.

१९ एप्रिल

वावरातली चाचणी. तीनही फोनमध्ये एकाच कंपनीचं सिम, स्क्रीन पूर्ण उजेडावर (उन्हात त्याशिवाय दिसतच नाही), जीपीएस चालू, सकाळी आठ ते दुपारी एक. रस्ताही एकच: गावातून नाल्यापलीकडे, जिथे रेंजची एक कांडी येते आणि जाते.

क ७१ टक्के उतरला. ख ६२. ग ५८.

टक्क्यांत पाहिलं तर ख हा क पेक्षा बरा वाटतो. वॉट-तासांत पाहा: क ने १३.७ खाल्ले, ख ने १४.४, ग ने ११.२. म्हणजे ख चं पोट मोठं आहे म्हणून तो तगला, पण तो खातो सगळ्यांत जास्त. घरी हेच आकडे ५.८, ५.६ आणि ४.८ होते. तिथे ख क पेक्षा कमी खात होता.

हे असं का झालं ते शोधायला दुपार गेली. टॉवर लांब असला की फोनला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त ताकद लावावी लागते, नाल्यापलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण आवाज चढवतो तशी. त्यात ख दर थोड्या वेळाने ५जी वर उडी मारत होता, तिथून सिग्नल तुटला की परत ४जी वर. ही ये-जा सतत चालू होती. कोपऱ्यातलं चिन्ह पाहत बसलो तेव्हा लक्षात आलं.

२१ एप्रिल

सेटिंगमध्ये जाऊन तिन्ही फोनांवर पसंतीचं नेटवर्क '४जी' केलं. रस्ता तोच, वेळ तीच.

क ५७, ख ४४, ग ४९.

एका सेटिंगने ख चे अठरा टक्के वाचले. हे वाचून कोणी आजच करून पाहिलं तरी चालेल, नवा फोन घ्यायची गरज नाही. गावात ५जी नीट येत असेल तर बंद करायचं काही कारण नाही; कडेला लटकणारं ५जी मात्र बॅटरी पिऊन टाकतं. काही फोनांत हा पर्याय लपवलेला असतो, म्हणून घेण्याआधी दुकानातच उघडून पाहायचा.

२२ एप्रिल

जिथे रेंज मुळीच नाही तिथे विमान मोड लावून मोजणी केली. जीपीएस उपग्रहाकडून नुसतं ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे विमान मोडमध्येही चालतं. अडचण एकच: तिथेच जीपीएस नव्याने सुरू केलं तर जागा सापडायला वेळ लागतो, कारण नेटवर्ककडून मिळणारी मदत नसते. उपाय साधा निघाला. गावात रेंज असतानाच नकाशा उघडून जागा पकडू द्यायची, मग विमान मोड लावून निघायचं.

पाच तासांत ख ३३, ग ३६. क चा नंबर आला नाही, मालकाला फोन हवा होता.

अमोलेडवर काळी थीम लावूनही पाहिली. उजेड पूर्ण असताना अमोलेडला काळ्या थीमने बरीच बचत होते, कारण काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. एलसीडीत मागचा दिवा जळतच राहतो, तिथे काही फायदा नाही. पण भर उन्हात काळ्या पानावरची बारीक अक्षरं ताईंना दिसेनात. थीम पांढरीच ठेवली. वाचता आलं नाही तर वाचवलेली बॅटरी काय कामाची.

२४ एप्रिल

ऊन. पारा ४३ च्या पुढे आहे, चंद्रपूर-अकोल्याचे आकडे त्याहून वर.

फोनच्या आतलं तापमान पाहायला लॅपटॉपला केबल लावून एडीबीवर (लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा द्यायचं साधन) 'डम्पसिस बॅटरी' ही आज्ञा देता येते. त्यात तापमान दहापटीत येतं: ४७१ म्हणजे ४७.१ अंश. लॅपटॉप नसेल तर बॅटरीचं एखादं साधं ॲप तेच दाखवतं.

सकाळी अकराला क मोटरसायकलच्या हँडलवर, नकाशा चालू, गाडीच्या यूएसबीला चार्जिंग. ४९ अंश. चार्जिंग थांबलं, स्क्रीन आपोआप मंद झाली, कॅमेरा उघडेना. तोच फोन कापडी पिशवीत, चार्जिंगशिवाय: ४२. साधारण ४५ अंशांच्या पुढे बहुतेक फोन चार्जिंग हळू करतात किंवा तोडतात, आणि ते बरोबरच करतात.

लिथियम बॅटरीचं आयुष्य सगळ्यांत जास्त खाते ती ही जोडी: भरलेली बॅटरी आणि उष्णता. नुसती उष्णताही वाईट. ॲपल आपल्या फोनांसाठी ३५ अंशांच्या वरच्या हवेत बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असं सांगतं. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे ३५ हे सकाळचं तापमान. म्हणून कंपनीने सांगितलेली वर्षं इथे तशीच्या तशी धरता येणार नाहीत.

गरम फोन फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवायची सवय काही जणांना आहे. ठेवू नका, आत पाण्याचे थेंब धरतात. सावलीत, कव्हर काढून, दहा मिनिटं.

२८ एप्रिल

आता दुसरा प्रश्न, टिकण्याचा. नवा फोन पाहून तो कळत नाही, म्हणून दोन वर्षं वापरलेले फोन शोधले. दोन्ही ५,००० एमएएचचे, क च्याच कंपनीचे.

शाळेच्या गुरुजींचा: २०.३ वॉट-तास. नव्या क च्या २२.१ च्या ९२ टक्के.
किराणा दुकानदार दादांचा: १७.४. म्हणजे ७९ टक्के.

वय एक, कंपनी एक, आणि फरक एवढा. गुरुजी संध्याकाळी थंडाव्याला चार्ज करतात आणि नव्वदच्या आत काढतात. दादांचा फोन दुकानात टिनाखाली, क्यूआरच्या पैशांचा आवाज ऐकायला दिवसभर चार्जरला लावलेला. कायम शंभर टक्के आणि कायम गरम.

आमच्याच ऑफिसातला हॉटस्पॉटचा जुना फोन याच कारणाने फुगला आहे. मागचं झाकण एका कोपऱ्यातून उचललेलं, आत नखभर फट. तो आज बंद केला, वाळूच्या डब्यात बाहेर ठेवला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जला लावायची नाही.

६ मे

अवकाळीने वीज गेली, डीपी जळाली, दोन दिवस अंधार. चाचणी थांबली. पॉवर बँकेचा हिशेब मात्र झाला. १०,००० एमएएच हे ३.७ व्होल्टवरचं, म्हणजे ३७ वॉट-तास. खाली बारीक अक्षरात ५ व्होल्टवरचं 'रेटेड' लिहिलेलं असतं, आमच्यावर ६,२०० आहे. म्हणजे प्रत्यक्षात ३१ वॉट-तास बाहेर येतात आणि ग जेमतेम दीड वेळा भरतो. दोन वेळा भरेल हे कोणी गृहीत धरू नये.

९ मे

वीज आली. ती थोडाच वेळ राहते, म्हणून अर्ध्या तासात किती भरतं ते पाहिलं. २० टक्क्यांपासून: क ४७ पर्यंत, ख ७६, ग ६०. नंतर तेच टिनाच्या खोलीत दुपारी केलं: ख फक्त ५८ वर पोचला. वेगवान चार्जिंगचा आकडा थंड खोलीतला असतो.

संध्याकाळी मोटरी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडतं, पंखा रेंगाळतो. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर त्याला त्याचं काही नाही, चार्जिंग नेहमीसारखंच होतं. तीनही चार्जरांवर तसं आहे.

१९ मे

बॅटरी बदलायची वेळ आली तर? हा प्रश्न घेण्याआधीच विचारायचा.

ग: यवतमाळात अधिकृत सेवा केंद्र आहे, बॅटरी मजुरीसह १,४०० च्या आसपास, त्याच दिवशी. क: बॅटरी मागवावी लागते, आठवडा. ख: केंद्र नागपूरला, तिथेही मागवून.

तालुक्याच्या बाजारात एका ठिकाणी क च्या जुन्या मॉडेलची बॅटरी ४५० रुपयांत बसवून मिळाली. वर छापलेलं ५,०००. जुन्या फोनात टाकून मोजली: १४.६ वॉट-तास. चार्जिंगमध्ये वाया जाणाऱ्या विजेची वजावट धरून ती साधारण ३,३०० एमएएचची निघते. म्हणजे दोन वर्षं झिजलेली जुनी बॅटरी या नव्या बॅटरीपेक्षा चांगली होती. ४५० रुपये गेले. विकणाऱ्याने तोंड वाकडं केलं, पैसे दिले नाहीत.

बॅटरी बाहेरून घ्यायची असेल तर तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहायचा. लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ खाली नोंदणी बंधनकारक आहे. क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. आमच्या या बॅटरीवर चिन्ह होतं, क्रमांक नव्हता.

२४ जून

पेरण्या सुरू, मला वेळ नाही, पण एक उपयोगाची गोष्ट सापडली. युरोपीय संघात २० जूनपासून प्रत्येक नव्या स्मार्टफोनवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं झालं. त्यात एका चार्जिंगवर किती तास-मिनिटं, आणि ८० टक्के क्षमता उरेपर्यंत किती आवर्तनं, दोन्ही आकडे ठराविक चाचणीने काढून छापावे लागतात. किमान ८०० आवर्तनं टिकलीच पाहिजेत असा नियम आहे. 'एप्रेल' नावाच्या त्यांच्या नोंदवहीत ते कोणालाही फुकट पाहता येतं. आपल्या दुकानात हे लेबल नाही, पण मॉडेल तेच असेल तर आकडा आपल्यालाही चालतो.

आवर्तन म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज पन्नास, उद्या पन्नास, मिळून एक.

ग सापडला, तीच ५,००० ची बॅटरी, १,२०० आवर्तनं. क तिथे विकतच नाहीत. ख नावाने सापडला, पण तिथली बॅटरी ५,१०० ची! २० वॉट-तासांच्या वरची सेल वाहतुकीत धोकादायक मालाच्या कडक नियमांत जाते, म्हणून काही कंपन्या तिकडे लहान बॅटरी घालतात. आपल्याकडच्या २३.२ वॉट-तासांच्या बॅटरीला ते लेबल लावता येत नाही. नाव जुळलं तरी क्षमता जुळवूनच आकडा घ्यायचा.

ख च्या बाजूने एक मुद्दा मात्र सोडता येत नाही. रोजचं काम साडेपंधरा वॉट-तासांचं धरलं, तर ग ची ८० टक्के बॅटरी लागते, ख ची ६७. वर्षाला ग ची सुमारे २९० आवर्तनं, ख ची २४५. मोठी बॅटरी दिवसालाही पुरते आणि झिजतेही हळू.

१ जुलै

मंडळाच्या बैठकीत सगळे आकडे वाचून दाखवले. काकाजी म्हणाले, "एकच घे ना सारे, कव्हर-काचा एकच लागन." माझं मत वेगळं होतं आणि ते मान्य झालं. तीन ग, एक ख.

ग तिघांना, जे संध्याकाळी घरी येतात. कमी खातो, यवतमाळात दुरुस्त होतो, सहा वर्षं अपडेट देण्याचा शब्द आहे, टिकण्याचा आकडा छापील आहे. ख त्या ताईंना, ज्या कोलाम पोडांवर (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर) जातात. तिथे वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही, तिथे पोट मोठं हवं आणि लाईन आली की अर्ध्या तासात भरणं हवं. ख ची बॅटरी तीन वर्षांनी नागपूरहून मागवावी लागेल, हे गृहीत धरून १,८०० रुपये आतापासून बाजूला ठेवले. क बाद.

एकूण: ग तीन चार्जरसह ४२,०००, ख १३,५००, मीटर ६५०, वाया गेलेली बॅटरी ४५०. ५६,६००. मंजुरीपेक्षा ६०० जास्त, ते बैठकीत मंजूर करून घेतले.

५ जुलै

फोन देण्याआधी चौघांवर केलेल्या गोष्टी: नेटवर्क ४जी वर. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर, फक्त पोडावर जायच्या आदल्या रात्री शंभर. हँडलवरचे स्टँड काढून टाकले, कापडी पिशव्या शिवून घेतल्या. ऑफिसचा हॉटस्पॉट आता राउटरवर, कोणताही फोन कायम चार्जरला राहणार नाही.

८० ची मर्यादा एका भावाला पटली नाही. "पुरं पैसे दिले, मंग बॅटरी अर्धी कायले वापरू?" त्याला गुरुजींचा आणि दुकानदार दादांचा आकडा शेजारी शेजारी लिहून दिला. दोन आठवडे करून पाहतो म्हणाला. तिन्हीसांजेला वीस टक्के उरत असतील तर तसंच ठेवू, नसतील तर नव्वद करू.

२६ जुलै

भावाच्या फोनवर मर्यादा नव्वद केली. त्याच्याकडची वावरं नाल्यापलीकडची, ८० वर साडेचारला फोन पाच टक्क्यांवर येत होता. बाकी तिघांना ८० पुरतंय.

चारही फोन शून्य ते शंभर मोजून घेतले. ग: २१.७, २१.९, २१.६. ख: २६.२. आकडे तारखेसह प्रत्येकाच्या बिलावर मागच्या बाजूला लिहिले आहेत. बॅटरीची वॉरंटी सहा महिन्यांची आहे, म्हणजे पुढची मोजणी डिसेंबरात, कापूस वेचणीच्या गर्दीत का होईना, मुदत संपण्याआधी करायची. ज्यांनी आपले फोन चाचणीला दिले त्यांचेही आकडे त्यांना लिहून दिले आहेत, आणि मीटर ऑफिसात आहे. कोणाला जुना फोन घेण्याआधी मोजायचा असेल तर रात्री ठेवून जा, सकाळी आकडा मिळेल.